पाठीवरची पट्टी: घरी केलेल्या मडगार्डचे अनुभव लिहा

सातपूरची लेक

शनिवारी मुलगा मित्रांबरोबर त्र्यंबकला सायकलवर जाऊन आला. दारात उभा राहिला आणि मला आधी हसूच आलं. ढुंगणापासून मानेपर्यंत सरळ तपकिरी पट्टी, एखाद्यानं कुंचल्यानं ओढावी तशी. गिअरची महागडी सायकल आणि मडगार्डच नाही! "लाव की" म्हटलं तर म्हणे, आई, मुलं हसतात.

मला पपांची सायकल आठवली. सातपूरला कंपनीत पहिली पाळी, सकाळी सातला आत. काळी २८ ची सायकल, तिचं मागचं मडगार्ड गंजून गंजून एक दिवस रस्त्यातच गळून पडलं. नवीन घ्यायचं तर पगार व्हायला अवकाश, आणि पाऊस काही पगाराची वाट बघत नाही. तेलाचा १५ किलोचा डबा फोडून पपांनी पत्र्याची पट्टी कापली. कडा हाताला लागू नयेत म्हणून आत तार घालून दुमडल्या. दुमडलेली पट्टी गोल वळेना, मग दर चार बोटांवर कातरीनं चिरा दिल्या. बोट कापलंच. धनुर्वाताचं इंजेक्शन मडगार्डपेक्षा महाग पडलं, असं आई अजून म्हणते.

डब्याची रंगीत बाजू पपांनी मुद्दाम आतून ठेवली. चाक फिरताना खालून वाकून बघितलं की शेंगदाण्याचं चित्र दिसायचं. पावसात थेंब पडून पत्रा टणटण वाजायचा. पपा गल्लीच्या तोंडाशी आले की आई आवाजावरूनच चहाचं आधण ठेवायची.

तुम्ही कोणी केलंय का असलं काही? कशाचं केलं, किती दिवस टिकलं? लिहा.

पंचवटीकर

पत्रा नकोच ताई. सनपॅक, प्रचाराच्या फलकांचं पोकळ प्लॅस्टिक. निवडणूक झाली की विजेच्या खांबाखांबावर फुकट.

आतून नळ्या असतात बघा त्याला. त्या चाकाला आडव्या येतील अशी पट्टी कापायची, म्हणजे गोल वळते. उभ्या ठेवल्या तर कडक राहते नाहीतर मोडते. आणि त्याच नळीतून जाड जीआय तार आरपार घालायची, दोन्ही टोकं खाली चाकाच्या नटापाशी नेऊन आवळायची. भोक पाडायला नको, काही नको. वरती चिमट्याला दोन केबल टाय. खर्च टायचा तेवढाच. दोन पावसाळे गेले.

नाशिकरोडचा

उमेदवार कोणता ते सांगा आधी.

पंचवटीकर

पडलेला होता. त्याचं तोंड बरोबर मागच्या चाकासमोर आलं होतं. जेवढा चिखल मतदारांनी उडवला नसेल तेवढा मी उडवला.

कुकर लावलाय

पोळ्या चालू आहेत, सविस्तर नंतर. माझं बाटलीचं होतं. २ लिटरची. आजीशी भांडण झालं त्यावरून. येते.

निवृत्त मास्तर

शाळेत स्पर्शरेषा शिकवताना मी सायकलच वर्गात न्यायचो. टायरवरचा थेंब सुटतो तो स्पर्शरेषेत सुटतो, सरळ बाहेर नाही. मागचं चाक मागच्या बाजूनं वर चढत असतं. म्हणून तिथून सुटलेला थेंब वर आणि पुढे जातो, म्हणजे तुमच्या पाठीवर. तीच ती पट्टी. ती अडवायला चाकाच्या मागच्या नि वरच्या भागावर झाकण पुरतं, अख्खं मडगार्ड लागत नाही.

पण लोक पाठीकडे बघतात आणि पुढचं चाक विसरतात! पुढच्या चाकाच्या मागच्या बाजूनं, अगदी जमिनीलगत, जे पाणी सुटतं ते थेट बुटांवर, चेनवर आणि पायडलच्या बेअरिंगवर. पाठ धुता येते, बेअरिंगमध्ये रेती गेली की पावसाळा संपता संपता करकर सुरू. म्हणून पुढचं मडगार्ड मागे जितकं खाली नेता येईल तितकं न्या. पत्रा, प्लॅस्टिक काहीही असो, शेवटचा वीतभर मऊ रबर लावा, म्हणजे गतिरोधकावर आपटलं तरी मोडत नाही.

तपासायचं असेल तर सायकल डबल स्टँडवर चढवा, टायरवर तांब्यानं पाणी सोडा, एकानं पायडल फिरवा, दुसऱ्यानं मागे वर्तमानपत्र धरा. कागद कुठे भिजतो ते बघून पट्टी लांब-आखूड करा. हा प्रयोग मी अंगणात केला तेव्हा दुसऱ्या बाजूला सौ. चे वाळवणाचे पापड होते. पुढचं सांगत नाही.

नाशिकरोडचा

मास्तर, पापडांचाच धागा काढा.

बागायतदार

आमच्याकडे उलटं. आमचं निफाडकडचं काळं रान. मडगार्ड असलं की पावसात सायकल चालतच नाही. माती टायरला चिकटते, टायर ती मडगार्डमध्ये नेऊन ठासतं, शंभर पावलांत चाक गच्च. मग खाली उतरा, काडीनं खरवडा, परत शंभर पावलं. वडील तर मृगात मडगार्ड काढून पडवीत टांगून ठेवायचे, दिवाळीला परत बसवायचे.

मी नंतर पीव्हीसीचा केला. ४ इंची पाइपाचा तुकडा उभा चिरला, उकळत्या पाण्यात धरला. मऊ पडला की चाकावर दाबून धरायचा आणि वरून गार पाणी. जाळावर धरू नका, करपतो आणि धूर घशाला लागतो. आणि टायरपासून दोन बोटं मोकळी सोडली. डांबरी रस्त्यावर एक बोट पुरतं, मातीत दोन तरी पाहिजेत. ह्या दोन बोटांवर सगळं आहे. शहरातली माणसं दिसायला छान म्हणून टायरला चिकटून बसवतात.

या वर्षी पाऊस लवकर आला, द्राक्षाच्या छाटणीचं गणित अवघडच आहे. असो.

कॉलेजरोडवाली

दादा, छाटणी गोडीबारची, फळं धरायची ना? आमचे मामेसासरे पिंपळगावला आहेत, त्यांचंही हेच चाललंय.

बागायतदार

हो ताई. ऑक्टोबरची. बघू.

दोनशे किलोमीटरवाला

आमच्या रेसिंग सायकलींना मडगार्ड कसायला भोकंच दिलेली नसतात. २०१५ मध्ये आपल्या नाशिकच्या महाजन डॉक्टर बंधूंनी रेस अक्रॉस अमेरिका पूर्ण केली, तेव्हापासून गावात अशा सायकली कितीतरी वाढल्या. पाऊस मात्र नाशिकचाच राहिला.

माझा जुगाड: प्लॅस्टिकच्या फाइलचं कव्हर. त्रिकोणी कापायचं, निमुळतं टोक सीटखालच्या दोन दांड्यांमध्ये खोचायचं, रुंद बाजू मागे. पाच मिनिटांचं काम. पाठ वाचते, बाकी काही वाचत नाही. मागून येणाऱ्याच्या तोंडावर तर सगळं जातंच. २०० किमीच्या राइडला साडेतेरा तासांची मुदत असते, त्यातले चार-पाच तास इगतपुरी-घोटीच्या पावसात दुसऱ्याच्या चाकामागे काढले की खाताना दातांत कचकच होते. पावसात मडगार्ड न लावणारा गटात पुढे नको, असं माझं स्पष्ट मत आहे. तुमच्या चिरंजीवांना सांगा, हसू देत त्या मुलांना.

एक मात्र खरंच गांभीर्यानं लिहितो. पुढच्या चाकाला तारेचा जुगाड करत असाल तर टोकं घट्ट आणि बाहेर वळलेली हवीत. पांडवलेणीच्या उतारावर माझी तार सुटून स्पोकमध्ये गेली. पुढचं चाक जागच्या जागी थांबलं, मी नाही थांबलो. हनुवटीला चार टाके. तेव्हापासून पुढे केबल टायच, तेही बारीक. अडकलं तर टाय तुटावा, चाक अडू नये.

सातपूरची लेक

बाप रे. हे चिरंजीवांना वाचून दाखवते. फाइलचं कव्हर पटलं त्याला, "हे चालेल, दिसत नाही" म्हणाला.

गंगेवरचा

मडगार्ड कसलं घेऊन बसलात! २०१६ च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा सराफ बाजाराच्या अलीकडे माझी अख्खी सायकल पाण्यात होती. गोदावरीतला दुतोंड्या मारुती, ज्याच्यावरून पूर मोजतात, तो कुठवर बुडालाय ते बघायला गेलो होतो, सगळं गाव जातं तसा. परत आलो तर लावलेली सायकल नाही. दुसऱ्या दिवशी तीन दुकानं पलीकडे शटरला टेकून उभी. कुलूप तसंच, मडगार्डमध्ये वहाण अडकलेली. एकच. कोणाची कोण जाणे.

नाशिकरोडचा

२०१९ ला पण मारुती पूर्ण गेला होता पाण्यात. आम्ही पुलावरून बघितलं.

गंगेवरचा

पुलावर उभं राहून देतात का आता? आम्हाला तर हाकललं पोलिसांनी.

पंक्चरवाल्याचा पोरगा

वडिलांचं दुकान होतं. पावसाळ्यात सगळ्यात जास्त गिऱ्हाईक मडफ्लॅपला. ट्रकच्या जुन्या ट्यूबचे तुकडे करून ठेवायचो, जाड असते ती. खाली गोल कापायचं, वरती दोन भोकं, नटबोल्ट आणि मोठा वायसर. वायसर विसरला की रबर बोल्टातून फाटून येतं, हे लिहून ठेवा. काहींना त्यावर नाव हवं असायचं, पांढऱ्या ऑइलपेंटनं. मी लिहायचो. शुद्धलेखन बेताचं. एका काकांनी "आई भवानी" सांगितलं, मी "आइ भवानि" लिहिलं. त्यांनी पैसे दिले आणि म्हणाले, असू दे, देवीला कळतं.

कुकर लावलाय

आले. तर २००३ चा कुंभ झाला होता, मी अकरावीत. पांढरा सलवार-कमीझ असायचा युनिफॉर्म, विचार करा. रोज पाठीवर नक्षी. रंगपंचमी वर्षभर. घरात २ लिटरची रिकामी बाटली दिसली, उभी चिरली, बूड आणि तोंड कापलं, मागच्या कॅरिअरला सुतळीनं बांधली. वळण आपोआप मिळतं बाटलीचं, वाकवायची भानगडच नाही.

संध्याकाळी आजी देवघरापाशी शोधाशोध करतेय. ती बाटली तिनं गंगेचं, म्हणजे आपल्या गोदावरीचं, पाणी भरायला धुऊन वाळवून ठेवली होती! पुण्याच्या आत्याला न्यायचं होतं. मला म्हणाली, "गंगा न्यायची होती त्यात, तू गटार अडवायला लावलीस." दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी स्वतःच दुसरी बाटली घेऊन आली, म्हणे पुढच्या चाकाला पण लाव, सलवार घाण होते.

सुतळी वापरू नका. भिजली की सैल होते.

कॉलेजरोडवाली

आजी भारी. आत्याला पाणी मिळालं का शेवटी?

कुकर लावलाय

स्टीलच्या डब्यातून गेलं. बसमध्ये सांडलं अर्धं.

सातपूरची लेक

अपडेट. फाइलचं कव्हर एका दिवसात सीटखालून उडून गेलं, सोमेश्वरच्या पुढे कुठेतरी. आता महाराज म्हणतात, आजोबांनी केलं तसं नीट करू. पपा ७८ वर्षांचे आहेत. फोनवर म्हणाले, पत्र्याला हात लावू देऊ नकोस त्याला, मी रविवारी येतो. कातर घेऊनच येणार आहेत. मी सनपॅक सुचवलं, त्यांना ते नक्की काय असतं ते कळेना. पंचवटीकर दादा, कुठे मिळेल? आता निवडणूक नाही.

पंचवटीकर

माझ्याकडे एक तुकडा शिल्लक आहे. इंदिरानगर बोगद्यापाशी शनिवारी संध्याकाळी या, देतो.

नाशिकरोडचा

तोच उमेदवार का?

पंचवटीकर

अर्धाच. कपाळ आणि गंध.