मदत हवी आहे: कड्यावरच्या नेच्याची उपजाती कशी ओळखू?

नमस्कार मंडळी, कड्याच्या भेगेत अ‍ॅस्प्लेनियम ट्रायकोमॅनीस हा नेचा सापडलाय. पानाचा दांडा टोकापर्यंत काळपट तपकिरी, घोड्याच्या केसासारखा चकचकीत. म्हणजे त्याचा हिरव्या दांड्याचा भाऊबंद व्हिरिडी नाही, एवढं नक्की. घोडं अडलंय पुढे: उपजाती ट्रायकोमॅनीस (७२ गुणसूत्रं) की क्वाड्रिव्हॅलेन्स (१४४)? खडक चुनखडीचा, त्यामुळे कल चुनखडीवर वाढणाऱ्या क्वाड्रिव्हॅलेन्सकडे. पण नुसत्या खडकावरून नाव ठरवणं मला पटत नाही. पर्णिका (दांड्यावरची छोटी पानं) लांबट चौकोनी, दाटीने बसलेल्या, काही एकमेकींवर चढलेल्या. एका जुन्या पानाच्या तर सगळ्या गळून नुसती काळी काडी उरलीय! बीजाणू मोजायचे म्हटलं तर दोन्हींची मापं मधल्या पट्ट्यात मिसळतात. मग किती बीजाणूंची सरासरी धरता? की साध्या भिंगातून दिसेल अशी एखादी भरवशाची खूण आहे?