मदत हवी आहे: कोविड वॉर्डात काम करणारी पत्नी स्वतःसाठी डॉक्टरकडे जायला तयार नाही

(जून २०२१) नमस्कार. आम्ही अंबाजोगाईजवळच्या एका गावात राहतो. पत्नी कोविड वॉर्डात कंत्राटी स्टाफ नर्स आहे. धाकटा भाऊ लातूरचे क्लास बंद पडल्यापासून घरीच मोबाईलवर ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेचा अभ्यास करतो. गेल्या वर्षी ही परीक्षा मेवरून जुलैवर आणि तिथून १३ सप्टेंबरवर गेली, त्यात त्याचे वर्ष गेले. यंदा १ ऑगस्ट ही तारीख मार्चमध्येच जाहीर झाली, पण जून निम्मा सरला तरी अर्ज भरणे सुरू झालेले नाही. तो चिडतो, वह्या आपटतो, पण निदान बोलतो.

पत्नी बोलत नाही. एप्रिलमध्ये एका रुग्णाला घरच्यांशी बोलता यावे म्हणून तिने स्वतःच्या मोबाईलवरून व्हिडिओ कॉल लावून दिला होता. ते गृहस्थ दोन दिवसांनी गेले, आणि त्यांच्या पत्नीचा फोन अजून येतो. माझी पत्नी तो उचलत नाही आणि नंबर ब्लॉकही करत नाही. फोन वाजून थांबेपर्यंत हातातली भाकरी तशीच धरून बसते. ड्युटी नसली तरी पहाटे तीनला उठून अंगणात बसते.

भावाने पीएचक्यू-९ ही नैराश्याची लक्षणे तपासणारी प्रश्नावली शोधली. मागच्या दोन आठवड्यांविषयी नऊ प्रश्न असतात, प्रत्येकाला ० ते ३ गुण, म्हणजे जास्तीत जास्त २७, आणि १० किंवा अधिक गुण आल्यास तज्ज्ञांना दाखवावे असे मानतात. (ही केवळ चाचणी, निदान नव्हे, हे मला ठाऊक आहे.) भावाचे ११ आले. पत्नीचे आठ प्रश्नांतच १६ झाले. नववा, म्हणजे मरण बरे किंवा स्वतःला इजा करावी असे वाटते का, हा तिने कोरा सोडला आणि कागद घडी घालून डब्याखाली ठेवला. असे थेट विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही, असे तज्ज्ञ सांगतात. तरीही दोन दिवस झाले, माझ्या तोंडून प्रश्न फुटत नाही.

तिचे म्हणणे असे, की मानसोपचाराच्या ओपीडीत सगळे ओळखीचे आहेत, सकाळी केसपेपर निघाला की संध्याकाळपर्यंत वॉर्डाला कळेल, आणि मग नेमणुकीचा आदेश वाढवून मिळणार नाही. ही भीती मला अगदीच निराधार वाटत नाही, म्हणून तिला काय उत्तर द्यावे ते सुचत नाही. गेल्या सप्टेंबरात (२०२०) केंद्र सरकारने सुरू केलेली ‘किरण’ ही मानसिक आरोग्याची हेल्पलाईन मराठीतूनही आहे, हे सांगितल्यावर ती म्हणाली, ‘रात्रभर फोनच ऐकते, अजून एक कशाला?’

परिचारिका किंवा डॉक्टर असलेल्या कोणी आपल्या रुग्णालयाबाहेर, लातूर किंवा औरंगाबादला, उपचार घेतले आहेत का? त्याचा नोकरीवर काही परिणाम झाला का? आणि तो नववा प्रश्न घरच्या माणसाने नेमक्या कोणत्या शब्दांत विचारावा? आज तिची रात्रपाळी आहे. उद्या सकाळी ती घरी येण्याआधी कोणी लिहिले तर फार उपकार होतील.