फ्लो ॲपच्या प्रकरणात हॅकर नव्हताच

पासवर्ड मजबूत ठेवला की पाळीची नोंद ठेवणारं ॲप सुरक्षित, हे मत मला पटत नाही. फ्लो या अशाच ॲपवरचं अमेरिकेतलं प्रकरण पाहा. एफटीसी या तिथल्या ग्राहक संरक्षण करणाऱ्या सरकारी संस्थेच्या तक्रारीनुसार, बाईने गरोदरपणाचा आठवडा निवडला की ॲपमध्ये बसवलेला फेसबुकचा तयार कोड ती नोंद परस्पर फेसबुककडे पाठवायचा, आणि नोंदीच्या नावातच गरोदरपणाचा उल्लेख असायचा! २०१९ मध्ये एका वृत्तपत्राने हे उघड केलं. २०२१ मध्ये फ्लोची एफटीसीशी तडजोड झाली, दंड मात्र नाही. याचा मला फार राग येतो. इतकी खाजगी गोष्ट बाईने विश्वासाने सांगितली होती. सगळ्या नोंदी फोनमध्येच ठेवणारी ड्रिपसारखी ॲप्स आहेत, निदान ती वापरून बघा.