मदत हवी आहे: बाजूच्या वाऱ्यात कयाक सरळ कशी ठेवावी?

देवबागजवळ, जिथे कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथल्या खाडीत मी गेल्या हिवाळ्यापासून कयाक (वल्ह्याने चालवायची अरुंद, हलकी होडी) वल्हवायला शिकत आहे. सकाळी वारा पडलेला असताना पाण्याला जवळजवळ टेकून बसावे आणि वल्ह्यावरून निथळणाऱ्या थेंबांखेरीज कसलाही आवाज न ऐकता पुढे सरकत राहावे, यातले समाधान मला इतर कशातही मिळालेले नाही. नुसत्या हातांनी न ओढता कमरेपासून धड वळवून वल्हे मारणे आता अंगवळणी पडले आहे. मात्र दुपारी समुद्रावरून येणारा वारा बाजूने लागला, की कयाकची नाळ, म्हणजे पुढचे टोक, सतत वाऱ्याकडे वळते आणि एकाच बाजूने वल्हवून खांदा भरून येतो. अशा वेळी कयाक वाऱ्याच्या बाजूला किंचित कलती धरावी, की मागे खाली सोडता येणारे स्केग (दिशा सरळ ठेवणारे पाते) असलेलीच कयाक घ्यावी? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर सांगावे.