मदत हवी आहे: स्लीपमधला पीसी कंट्रोलरने उठवायचा कसा?

पीसी टीव्हीला जोडलाय आणि सोफ्यावरून उठायचा कंटाळा, एवढीच मूळ अडचण. गेम खेळायच्या वायरलेस (ब्लूटूथ) कंट्रोलरचं मधलं बटण दाबलं की पीसी जागा व्हायला हवा. कीबोर्डची कुठलीही कळ दाबली की तो लगेच उठतो, म्हणजे स्लीपमध्ये यूएसबीला वीज मिळतेय. कंट्रोलर मात्र थोडा वेळ दिवा लुकलुकवत बसतो आणि मग स्वतःच झोपतो!

बायॉसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमध्ये) ईआरपी ही वीज वाचवायची सेटिंग बंद करून झालं (ती चालू असली की स्टँडबायची वीज तुटू शकते). डिव्हाइस मॅनेजरमध्ये ब्लूटूथ अडॅप्टरला पॉवर मॅनेजमेंटचा टॅब दिसतो, पण संगणक जागा करू देण्याची ओळ फिकट, टिकच होत नाही. पॉवरसीएफजीला (विंडोजची वीज-सेटिंग्जची कमांड) विचारलं तर जागं करू शकणाऱ्यांच्या यादीत कीबोर्ड आणि माउस, बस.

आता ब्लूटूथ सोडून कंट्रोलरचा वेगळा यूएसबी रिसीव्हर घ्यावा का? त्याने खरंच पीसी उठतो का? स्वतः करून पाहिलेल्यांनीच सांगा, आणि विंडोज १० की ११ तेही लिहा. माझा स्लीप साधा एस३ (फक्त मेमरीला वीज, बाकी बहुतेक बंद) आहे, हायबरनेट नाही. 'कीबोर्ड जवळ ठेव' हा सल्ला घरून मिळालाय.