पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-५ चे हूड व प्लॅस्टिकची मागची काच

मिडलँड्सकर : नमस्कार. मी इंग्लंडमध्ये राहतो आणि नुकतीच १९९५ सालची माझदा एमएक्स-५ ही दोन आसनी, उघड्या छताची गाडी घेतली आहे. हूड, म्हणजे दुमडते छप्पर, काळ्या रेक्झिनचे असून मागची काच चेनने उघडणारी, प्लॅस्टिकची आहे. रेक्झिन शाबूत आहे, मात्र शिवणींत हिरवट शेवाळ धरले आहे. काच पिवळसर व धूसर झाल्यामुळे रात्री मागच्या गाड्यांचे दिवे तिच्यात पसरलेले दिसतात. गाडी उघड्यावरच उभी असते आणि हिवाळ्यात पारा शून्याखाली जातो. काच पॉलिशने सुधारेल, की बदलावी लागेल?

जुनीचाके : पॉलिश विकत घेण्याआधी काच धुऊन, ती ओली असतानाच तिच्यातून पाहावे. ओलेपणी स्वच्छ दिसणारी काच वाळल्यावर पुन्हा धूसर होत असेल, तर दोष पृष्ठभागावरील बारीक ओरखड्यांचा आहे. पाणी त्यांत भरले की प्रकाश विखुरणे कमी होते, एवढेच. अशी काच प्लॅस्टिकसाठी मिळणाऱ्या पॉलिशने बरीच सुधारते. ते काम सावलीत करावे आणि काच दबू नये म्हणून आतून कोणीतरी हाताचा आधार द्यावा. ओली असतानाही ती पिवळीच दिसली, तर उन्हाने काचेचे प्लॅस्टिकच (पीव्हीसी) बिघडलेले आहे आणि त्यावर पॉलिशचा इलाज नाही.

धुताना आधी भरपूर पाणी सोडून धूळ वाहून जाऊ द्यावी, कारण कोरड्या फडक्याने पुसणे म्हणजे तीच धूळ काचेवर घासणे होय. घरातील काचा पुसण्याचे अमोनियायुक्त द्रावण, स्पिरिट व थिनर कटाक्षाने टाळावेत. टूथपेस्टचा उपाय सर्रास सुचवला जातो. मला तो मुळीच मान्य नाही.

चेनवाला : काचेचे खरे नुकसान हूड खाली करताना होते. आधी चेन उघडून काच मागे सपाट पसरावी, तिच्यावर स्वच्छ मऊ टॉवेल घालावा आणि मगच हूड दुमडावे. थंडीत हे प्लॅस्टिक कडक होते व घडीवर तडकते, म्हणून गारठ्यात हूड उघडूच नये. अगदीच आवश्यक असेल तर हीटरने गाडी आतून चांगली ऊबदार होऊ द्यावी. काचेवर बर्फ धरल्यास खरवडणीही वापरू नये आणि उकळते पाणीही ओतू नये. चेन अडखळत असल्यास तिच्या दातांवर मेणबत्ती घासावी.

जिप्सीस्वार, पुणे : माझ्या जुन्या सॉफ्ट टॉप जिप्सीचेही हूड रेक्झिनचे आहे, त्यामुळे शिवणींतील शेवाळाबद्दल लिहितो. कोमट पाणी, गाडीचा सौम्य शाम्पू आणि मऊ ब्रश एवढे पुरते. प्रेशर वॉशरचा फवारा शिवणींवर मारल्यास दोरा सैल होऊन पाणी आत येऊ लागते. हूड पूर्ण वाळल्यावर रेक्झिनसाठीचे, उन्हापासून संरक्षण देणारे पाण्याधारित द्रावण लावावे. तेलकट चकाकी देणाऱ्या द्रावणांवर धूळ बसते. ओले हूड दुमडून ठेवू नये, आणि हवा न खेळणारे कव्हर तर पावसाळ्यात बुरशीला आमंत्रणच असते.

चेनवाला : पाण्याचा विषय निघालाच आहे, तर हूडवरचे पाणी खाली नेणारी, सीटांमागे दोन्ही कोपऱ्यांत असलेली छिद्रेही तपासा. ती पाचोळ्याने तुंबली की पाणी साचते आणि या गाडीचे मागच्या चाकांपुढचे सिल, म्हणजे दारांखालचे पत्र्याचे भाग, गंजतात. लवचीक, बोथट टोकाच्या प्लॅस्टिक पट्टीने ती हळुवार मोकळी करावीत.

मिडलँड्सकर : सर्वांचे आभार. काच ओली करून पाहिली. कडांकडे ती उजळते, पण मधला भाग पिवळाच राहतो. म्हणजे ती बदलणे आले. त्यासाठी संपूर्ण हूड बदलावे का?

जुनीचाके : रेक्झिन व शिवणी मजबूत असतील तर नाही. हूड शिवणारा कुशल कारागीर जुन्याच चौकटीत नवे पारदर्शक प्लॅस्टिक शिवून देऊ शकतो. मात्र रेक्झिन घडीवर विरले असेल, तर दोनदा मजुरी देण्यापेक्षा खऱ्या काचेचे तयार हूड बसवावे. माझदाने १९९८ च्या दुसऱ्या पिढीपासून तशीच काच दिली. नव्या हूडच्या काचेत ती तापवणाऱ्या तारा असल्या, तर त्यांची जोडणी तुमच्या गाडीत करता येईल का, हे मागणी नोंदवण्यापूर्वी विचारून घ्या.