ओठ शिवला, टाळूचं काय?

रंकाळाकाठचा:
आमच्या पेठेतल्या मंडळाकडं यंदा वर्गणीतले पैसे उरलेत. दुभंगलेल्या ओठांच्या मोफत शिबिराला द्यायचं घाटतंय. बैठकीत विरोध केला, शिव्या खाल्ल्या, म्हणून इथं मांडतो. बाहेरचं पथक येणार, तीन दिवसांत पोरं उरकणार, फोटो काढून जाणार. ओठ तीन ते सहा महिन्यांत शिवतात, टाळू, म्हणजे तोंडाच्या आतलं फाटलेलं छत, नऊ ते अठरा महिन्यांत. पुढं कान तपासणं, बोलायला शिकवणं, आठ-दहाव्या वर्षी हिरडीत हाड भरणं, मग दातांच्या तारा. पोरगं मिसरूड फुटेपर्यंतचं काम आहे हे! त्यापेक्षा आठवड्यातून एक दिवस गडहिंग्लजला स्पीच थेरपिस्ट बसवा.

चंदगडची_आई:
दादा, पेठेत बसून बोलणं सोपं आहे. माझ्या लेकीला अंगावर पिता येत नव्हतं, चमच्यानं पाजलेलं दूध नाकातून यायचं. सासूबाई म्हणायच्या, ग्रहणात विळीवर बसलीस. वर्षभर लेक कुणाला दाखवली नाही. शिबिराची गाडी गावात आली तेव्हा कळलं, हे बरं होतं.

रंकाळाकाठचा:
ताई, आणि टाळू?

चंदगडची_आई:
पुढच्या शिबिरात या म्हणाले. ते झालंच नाही. कोल्हापुरात केली, तोवर चार वर्षांची झाली होती. आता 'बाबा' म्हणते ते 'मामा' ऐकू येतं. तिचे बाबा हसून घेतात.

पावतीपुस्तक:
भावनिक होऊ नका राव. वर्गणी देणाऱ्याला काम दिसायला लागतं. चाळीस पोरांचे ओठ शिवले हे बॅनरवर छापता येतं. थेरपिस्टचा पगार कोण छापणार? पुढच्या वर्षी पावती फाडायला तुम्ही जाता का दारोदार?

भूलवाला:
दोघंही 'शिबिर' एकाच अर्थानं वापरताय. ऑपरेशन स्माईल या संस्थेचं काम १९८२ मध्ये फिलिपिन्सला गेलेल्या पथकातून सुरू झालं. १९९९ मध्ये निघालेल्या स्माईल ट्रेन या दुसऱ्या संस्थेनं इथल्याच सर्जनला शिकवायचं आणि इथल्याच रुग्णालयाला पैसे द्यायचे, असा रस्ता धरला. माझा कौल दुसऱ्याला, कारण भूल द्यायला बाळ तेवढं धडधाकट लागतं. ओठासाठी आम्ही जुना हिशेब बघतो: वय किमान दहा आठवडे, वजन दहा पौंड म्हणजे साडेचार किलो, हिमोग्लोबिन दहा. चार किलोचं बाळ शिबिरात परत पाठवलं की त्याची पाळी गेली. कायम केंद्रात महिन्यानं बोलावता येतं. सातशे जन्मांमागं साधारण एक बाळ फाटलेल्या ओठा-टाळूचं येतं. ते शिबिराची तारीख बघून जन्मत नाही.

पावतीपुस्तक:
मग सरकार काय करतं?

भूलवाला:
राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, फाटलेला ओठ-टाळू त्यात बसतो, शस्त्रक्रिया फुकट. पण घरात लपवलेलं बाळ त्यांच्या तपासणी पथकाला दिसणार कसं?

चंदगडची_आई:
म्हणून म्हणते, गाडी फिरू द्या, फक्त तिच्यातून पोरं कायमच्या दवाखान्यात पोचवा. आणि गडहिंग्लजला माणूस बसवणार असाल तर बाजारादिवशी बसवा. त्या दिवशी एसटीत जागा मिळत नाही, पण एसटी तरी असते.

रंकाळाकाठचा:
बाजाराचा दिवस बैठकीत मांडतो. शिव्या खायची सवय झालीच आहे.